तुमचा मराठी ब्लॉग सगळ्यांना वाचता येतो का? पायरी पायरीने करायची दुरुस्ती

मराठी ब्लॉगला वाचक मिळवायला किती खटपट करावी लागते, ते लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एवढं करून आलेल्यांपैकी काही जण दोन ओळींतच परत फिरतात, कारण लेख त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मजकूर ऐकून वाचणारे अंध वाचक असतात. अक्षरं तिप्पट मोठी करून वाचणारे अल्पदृष्टी वाचक असतात. हात थरथरतो म्हणून माउस सोडून कीबोर्डवरच काम करणारे असतात, कर्णबधिर असतात, लाल आणि हिरवा वेगळा न ओळखू शकणारे असतात. शिवाय साठी ओलांडल्यावर फोनवरची अक्षरं मोठी करून घेतलेली आपल्या घरातली माणसं आहेतच. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली, त्यातले जवळपास ३० लाख महाराष्ट्रातले. चष्म्याचा नंबर वाढत चाललेले आजी-आजोबा या आकड्यात धरलेले नाहीत.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, करताना डोळे मिचकावून दाखवण्याची अट होती आणि ॲसिडहल्ल्यात चेहरा भाजलेल्या व्यक्तींना, अंध व्यक्तींना ते शक्य नव्हतं. त्यावरून ते प्रकरण न्यायालयात गेलं होतं. निकाल बँका आणि सरकारी सेवांसारख्या गोष्टींबद्दल आहे, खाजगी ब्लॉगवर त्याने कुठली सक्ती आलेली नाही. पण वाचायला मिळणं हीसुद्धा साधी गोष्ट नाही, आणि मराठीत मुळात वाचायला आहेच किती!

इंग्रजीतले मार्गदर्शक लेख थीम, रंग आणि कोडपासून सुरू होतात. आपल्याला त्याआधीची एक पायरी चढावी लागते. ती म्हणजे टाइप केलेलं मराठी अक्षर. ते नीट नसेल तर पुढची मेहनत वाया जाते, म्हणून इथे त्यावर जास्त वेळ घालवला आहे. कोड येत नसला तरी अडत नाही. वर्डप्रेस किंवा ब्लॉगर वापरणाऱ्याला यातलं बहुतेक काम स्वतःच करता येतं.

## आधी स्वतःचा ब्लॉग ऐका

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावर जे आहे ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. अँड्रॉइड फोनमध्ये ते टॉकबॅक या नावाने आधीपासून असतं, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर या नावाने. विंडोजसाठी एनव्हीडीए फुकट उतरवून घेता येतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र पुढे सोबत आला. महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून कोणा अंध माणसाचं काम अडू नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

फोनवर करून बघणं सगळ्यात सोपं. मात्र टॉकबॅक चालू करण्याआधी तो बंद कसा करायचा ते बघून ठेवा, नाहीतर धांदल उडेल. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटी विभागात टॉकबॅकचा शॉर्टकट चालू करा. मग आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक चालू होतो आणि तसंच केलं की बंद होतो. तिथेच जवळपास टेक्स्ट टू स्पीचची सेटिंग्ज असतात, त्यात मराठी आवाज उतरवून घ्या. टॉकबॅक चालू असताना स्पर्शाची रीत बदलते. बोट एकदा टेकवलं की तिथे काय आहे ते ऐकू येतं, उघडायचं असेल तर दोनदा टॅप करायचं, पान सरकवायला दोन बोटं लागतात, आणि एका बोटाने उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट वाचली जाते.

आता आपला एखादा आवडता लेख उघडा, डोळे मिटा आणि पाच-सात मिनिटं फक्त ऐका. लेख सुरू होण्याआधी मेन्यूमधली सगळी नावं एकामागून एक ऐकावी लागतील. मग एखाद्या फोटोच्या जागी कॅमेऱ्याने दिलेला लांबलचक आकडा ऐकू येईल. कुठे एकाच वाक्यात तीनदा 'जोडलेले हात' येईल, कारण तिथे तुम्ही तीन नमस्कारांचे इमोजी टाकले आहेत. कुठे शब्द मध्येच तुटेल. जे जे खटकेल ते लिहून ठेवा. तुमच्या ब्लॉगच्या दुरुस्तीची यादी हीच, आणि कुठल्याही तपासणी यंत्राने दिलेल्या यादीपेक्षा ती जास्त उपयोगाची असते.

## अक्षर खरं आहे का, ते तपासा

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांचं राज्य होतं. डीटीपीच्या कामात त्यातले काही आजही चालतात. यांची मेख अशी की पडद्यावर 'क' दिसत असला तरी आत साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर नाहीतर चिन्ह. डोळ्यांना मराठी दिसतं, स्क्रीन रीडरला मात्र अर्थ नसलेली रोमन अक्षरं सापडतात आणि तो तीच वाचत सुटतो. दिवाळी अंकात छापून आलेला आपला लेख डीटीपीवाल्याकडून पीडीएफ घेऊन ब्लॉगवर चढवला की नेमकं हेच होतं.

तपासायला मिनिटसुद्धा लागत नाही. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच उमटली तर ठीक. भलतंच काही उमटलं तर मजकूर जुन्या फाँटमध्ये आहे. ओळ निवडताच आली नाही तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे. जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. ते वापरा, पण नंतर एकदा मुद्रितशोधन कराच. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा कन्व्हर्टरमध्ये हटकून चुकतात, काही जोडाक्षरंही मोडतात. फोटोच असेल तर गूगल ड्राइव्ह किंवा टेसरॅक्ट हे फुकट सॉफ्टवेअर वापरून त्यातून मराठी मजकूर काढता येतो. छपाई स्पष्ट असेल तर निम्म्याहून अधिक टायपिंग वाचतं. तयार झालेला मजकूर थेट ब्लॉगच्या पानावर टाका. सोबत पीडीएफ द्यायची असेल तर द्या, पण लेख फक्त पीडीएफमध्ये ठेवू नका. फोनवर पीडीएफ वाचणं डोळे धड असलेल्यांनाही जड जातं.

कवितांचं दुखणं याच जातीचं आहे. सुंदर सुलेखन, मागे पावसाचा फोटो आणि कविता सगळी चित्रात. अंध वाचकाला ऐकू येतं, 'चित्र'. बस्स. सुलेखनाचा आनंद आहेच, तो सोडू नका. चित्राखाली तीच कविता टाइप करा, एवढंच. 'चित्रात टाकली की कोणी चोरत नाही' असं पुष्कळ कवी सांगतात. आजचे बरेच फोन चित्रातली अक्षरं ओळखून कॉपी करून देतात. त्यामुळे चोरणाऱ्याचं काही अडत नाही, आणि ज्याला कविता ऐकायची होती तो तेवढा उपाशी राहतो.

मजकूर युनिकोडमध्ये असूनही टाइप करण्याच्या काही सवयी ऐकणाऱ्याला छळतात. विसर्गाच्या जागी कोलन टाइप करणं ही त्यातली सगळ्यात मोठी. 'दुःख', 'स्वतः', 'अंतःकरण' यांतला विसर्ग हे अक्षराचंच अंग आहे, कोलन हे विरामचिन्ह आहे. कोलन टाकलं की यंत्राच्या लेखी शब्द तिथे संपतो. मग 'दु' एकीकडे आणि 'ख' दुसरीकडे. शोधायला गेलं तर तो शब्द सापडतही नाही. तुमच्या कीबोर्डवर विसर्ग कुठे आहे ते एकदा शोधून ठेवा. तसंच 'काऽऽय' किंवा 'अरेऽऽ' लिहिताना अवग्रहाऐवजी रोमन एस टाकायची रीत पडली आहे. स्क्रीन रीडर तिथे इमानेइतबारे 'एस एस' म्हणतो. अभंगाच्या शेवटी दंडाऐवजी कीबोर्डवरची उभी रेघ टाकतात, तिचंही तेच.

'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. कोणी साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारी जोडखूण टाकतं, कोणी खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतं. दिसायला दोन्ही सारखे, आतून मात्र अक्षरं वेगळी. 'ॲ' चीही अशीच दोन रूपं फिरतात, एक सलग अक्षर आणि दुसरं अ वर चंद्र ठेवून केलेलं. काही आवाज यातल्या एका रूपावर अडखळतात, आणि ब्लॉगवरच्या शोधात एका रूपाने लिहिलेलं दुसऱ्या रूपाने सापडत नाही. पायमोडका ऱ आणि सलग ॲ धरा आणि सगळीकडे तेच ठेवा.

रोमन लिपीतली मराठी शक्यतो नकोच. इंग्रजी आवाज ती अशी काही वाचतो की वाक्य तीनदा ऐकूनही लागत नाही. तारखा आकड्यांत तिरक्या रेघा मारून देण्याऐवजी '५ जून' असं लिहावं. '१० ते १२' मध्ये 'ते' लिहावं, आडवी रेघ नको. परिच्छेदांच्या मध्ये फुल्यांच्या नाहीतर नागमोडी चिन्हांच्या माळा टाकण्यापेक्षा संपादकात मिळणारी विभाजक रेघ घ्यावी. इमोजी हवा तर वाक्याच्या शेवटी एखादाच.

## लेख मराठीत आहे हे यंत्राला सांगा

प्रत्येक वेबपानाच्या कोडमध्ये, अगदी सुरुवातीला, पानाची भाषा लिहिलेली असते. मराठीसाठी एम आणि आर ही दोन अक्षरं ठरलेली आहेत. ब्लॉग तयार करताना भाषा इंग्रजी राहून गेली असेल तर काही स्क्रीन रीडर मराठी लेख इंग्रजी आवाजाकडे सोपवतात. काही आवाज मग देवनागरी गाळून नुसतेच पुढे सरकतात. वाचकाला वाटतं, पान रिकामं आहे. हिंदी निवडली असेल तर वाचलं जातं, पण 'ज्ञानेश्वरी' ऐकू येते 'ग्यानेश्वरी' अशी. आपल्या च आणि ज चे दोन-दोन उच्चार आहेत, तेही हिंदी आवाजात हरवतात.

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या जनरल पानावर साइट लँग्वेज असते, तिथे मराठी निवडा. ब्लॉगरमध्येही सेटिंग्जमध्ये ब्लॉगची भाषा निवडायची सोय आहे. नंतर संगणकावर आपलं पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा. कोडच्या पहिल्या काही ओळींत 'लँग' या शब्दाशेजारी एम-आर दिसलं की झालं. थीमनेच तिथे इंग्रजी कोरून ठेवलेलं असतं असंही आढळतं. ती एक जागा बदलायला जाणकार मित्राची मदत घ्या.

लेखात मध्येच इंग्रजीचा किंवा हिंदीचा अख्खा परिच्छेद येत असेल तर तेवढ्यापुरती वेगळी भाषा सांगता येते. वर्डप्रेसच्या संपादकात मजकूर निवडल्यावर त्यासाठी लँग्वेज हा पर्याय मिळतो. गोव्यातले जे मित्र एकाच ब्लॉगवर मराठी आणि कोंकणी दोन्ही लिहितात, त्यांनी प्रत्येक लेखाची भाषा अशी वेगळी नोंदवावी. लिपी एकच असल्यामुळे यंत्राला आपणहून फरक कळत नाही.

या एका दुरुस्तीचा फायदा आणखी एका वाचकवर्गाला होतो. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, आखातात वाढलेली पुष्कळ मराठी मुलं घरात मराठी बोलतात, समजतात, पण देवनागरी सरसर वाचू शकत नाहीत. फोनला लेख मोठ्याने वाचायला लावून ती ऐकू शकतात, भाषेची खूण बरोबर असेल तर.

## मथळे आणि दुवे

लेखातला उपमथळा म्हणजे ठळक केलेली ओळ, असा समज आहे. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. स्क्रीन रीडरला मात्र ठळक ओळ ही साधी ओळच असते. संपादकातला हेडिंग हा पर्याय वापरून केलेला मथळा त्याला मथळा म्हणून कळतो, आणि मग एनव्हीडीएमध्ये एच ही कळ दाबत वाचक एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारू शकतो. लांब लेखात हवं ते शोधायची अंध वाचकांची ही नेहमीची वाट आहे. लेखाचं शीर्षक पहिल्या पातळीवर असतं, म्हणून आतले मथळे दुसऱ्या पातळीपासून सुरू करा, आणि अक्षर लहान हवं म्हणून दुसरीवरून एकदम चौथीवर जाऊ नका. यादी करतानाही हाताने आकडे टाइप करण्याऐवजी संपादकातली यादी वापरा. 'आठ गोष्टींची यादी' असं आधीच ऐकू आलं की ऐकणाऱ्याला अंदाज येतो. पाककृतीतल्या साहित्याला तर हे फारच सोयीचं.

दुव्यांना 'इथे क्लिक करा' असं नाव देऊ नका. ऐकून वाचणारे पुष्कळदा पानावरचे सगळे दुवे एका यादीत काढून घेतात. त्यात अकरा वेळा 'इथे क्लिक करा' आलं तर कोणता दुवा कुठे जातो ते कसं कळावं? 'पुरणाच्या पोळीची पूर्ण कृती' हे त्या दुव्याचं खरं नाव. दुवा पीडीएफ उघडणार असेल तर तेही नावातच लिहा.

## चित्रांना शब्द द्या

प्रत्येक चित्रासोबत न दिसणारं वर्णन जोडता येतं, त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. वर्डप्रेसमध्ये चित्र निवडल्यावर बाजूच्या पट्टीत त्याची चौकट येते. ब्लॉगरमध्ये चित्रावर क्लिक करून त्याच्या सेटिंगच्या चक्रात जावं लागतं. चौकट भरायला सोपी आहे, तिच्यात काय लिहायचं हेच खरं काम.

समजा तुम्ही राजगडाच्या भटकंतीवर लिहिलं आहे आणि बालेकिल्ल्यावरून काढलेला सुवेळा माचीचा फोटो टाकला आहे. 'राजगड' एवढंच लिहिलं तर काही सांगितल्यासारखं होत नाही, कारण लेख राजगडाबद्दलच आहे. 'सुंदर दृश्य' हे त्याहून वाईट. त्यात तुमचं मत आहे, दृश्य नाही. असं लिहून बघा: 'बालेकिल्ल्यावरून दिसणारी सुवेळा माची. निमुळती होत गेलेली लांब डोंगरसोंड, कडेने तटबंदी आणि मधल्या खडकात आरपार पडलेलं नेढं.' आता ऐकणाऱ्याच्या मनात माचीचा आकार उभा राहतो, आणि पुढे तुम्ही 'नेढ्यात बसलो, वारा अंगावर घेतला' असं लिहिता तेव्हा तो तुमच्यासोबत तिथे असतो. हाच फोटो पावसाळी ट्रेकच्या तयारीवरच्या लेखात असता तर वर्णन वेगळं झालं असतं: ओली पायवाट, धुकं, सोबत्यांच्या पायांतले बूट. चित्र तिथे का टाकलं, त्यावर वर्णन ठरतं.

वर्णनाची सुरुवात 'फोटोमध्ये दिसते की' अशी करू नका, चित्र आहे हे स्क्रीन रीडर आधीच सांगतो. दोन वाक्यं पुरेत. नकाशा, तक्ता, वेळापत्रक अशी माहितीने भरलेली चित्रं असतील तर ती माहिती लेखातच शब्दांत द्या आणि ऑल्टमध्ये 'माहिती खाली दिली आहे' असं सांगा. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर ऑल्ट रिकामा ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर ती गाळून पुढे जातो. माणसांचे फोटो असतील तर जे लेखाला लागू आहे ते लिहा. आजीच्या हातच्या घावनांवर लिहिताना आजी बिडाच्या तव्यावर पीठ कसं फिरवते ते सांगा. लुगड्याचा रंग सांगितलाच पाहिजे असं नाही, पण तो तुम्हाला महत्त्वाचा वाटत असेल तर जरूर सांगा. अंध वाचकांना रंग नकोत, हा समज चुकीचा आहे. कित्येकांची दृष्टी नंतर गेलेली असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून वर्णन लिहून घेता येतं, पण सुवेळा आणि संजीवनी या राजगडाच्या दोन माच्यांतला फरक तिला कळेलच असं नाही. मसुदा म्हणून घ्या आणि स्वतः दुरुस्त करा.

## डोळ्यांनी वाचणाऱ्यांसाठी

वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने वेबपानं सर्वांना वापरता यावीत म्हणून डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत. त्यांची २.० ही आवृत्ती २००८ मध्ये आली, २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा, असं त्यात म्हटलं आहे. मोठ्या, म्हणजे साधारण २४ पिक्सेलच्या अक्षरांना ३ ला १ चालतो. वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. त्यात फिकट अक्षरांची चूक सतत पहिल्या क्रमांकावर असते.

आकडे ठोस करून सांगतो. पांढऱ्यावर ९९९९९९ या क्रमांकाचा करडा रंग वापरला तर गुणोत्तर जेमतेम २.८५ येतं. ७६७६७६ हा करडा घेतला तर ४.५४, म्हणजे काठावर पास. आपल्याकडे शिवजयंतीच्या किंवा वारीच्या लेखांत भगव्या अक्षरांचा मोह होतो. पांढऱ्यावर नेहमीचा भगवा, एफएफ९९३३, सुमारे २.१ एवढाच येतो, मोठ्या मथळ्यालाही तो पुरत नाही. शुद्ध लालही ४ च्या आसपासच थांबतो. भगवा हवाच असेल तर तो पार्श्वभूमीला घ्या आणि वर काळी अक्षरं ठेवा. दुवा कळावा म्हणून नुसता रंग बदलू नका, खाली रेघ राहू द्या.

थीम बहुधा इंग्रजी लिपी समोर ठेवून केलेल्या असतात आणि त्या देवनागरीला नडतात. कितीतरी थीम मथळ्यांच्या अक्षरांत मोकळी जागा सोडतात. रोमन अक्षरांना ते शोभतं, देवनागरीची शिरोरेखा मात्र तुटते आणि शब्द सुटा सुटा होऊन पडतो. लेटर स्पेसिंग नावाचं ते मूल्य शून्य करा. ओळींमधलं अंतर कमी असलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात, १.६ ते १.८ पट अंतर ठेवा. त्याच पिक्सेलमध्ये देवनागरी रोमनपेक्षा लहान दिसते, कारण मात्रा-वेलांट्यांना वरखाली जागा द्यावी लागते. म्हणून मजकूर १८ पिक्सेलच्या खाली नको, २० असेल तर उत्तम. तिरपी अक्षरं ही देवनागरीची परंपरा नाही. ब्राउझर ती ओढूनताणून वाकवतो आणि जोडाक्षरं ओळखू येत नाहीत. अवतरणचिन्हं किंवा ठळक अक्षर वापरा. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणीही टाळा, आपले लांब शब्द ओळीत भलत्या फटी पाडतात. फाँट म्हणाल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचा मुक्ता आणि गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत आणि वाचायला स्वच्छ. फाँटचं बारीक रेघांचं रूप मात्र घेऊ नका.

झालं की संगणकावर कंट्रोल आणि अधिकची कळ दाबत पान २०० टक्क्यांपर्यंत मोठं करा. फोनवर अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवून बघा. ओळी पडद्याबाहेर गेल्या, किंवा बोटांनी मोठं करताच आलं नाही, तर थीममध्ये दोष आहे. वर्डप्रेसच्या थीम-संग्रहात 'ॲक्सेसिबिलिटी रेडी' अशी खूण असलेल्या थीम वेगळ्या काढता येतात. नवा ब्लॉग सुरू करणाऱ्याने त्यातलीच एक घ्यावी, पुढची डोकेदुखी वाचते.

## हलणारं, वाजणारं आणि वाट अडवणारं

पान उघडताच सुरू होणारं संगीत स्क्रीन रीडरच्या आवाजावर चढतं, आणि ते बंद करायचं बटण शोधायला तोच आवाज लागतो. बासरी कितीही गोड असो, आपोआप वाजू देऊ नका. सरकत्या पट्ट्या, वरून पडणारी फुलं, लुकलुकणारे दिवे काढून टाका. अक्षर लावून वाचायला वेळ लागणाऱ्याच्या हातून सरकती ओळ निसटते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणाऱ्या गोष्टीमुळे काही जणांना झटका येऊ शकतो, ही गंभीर बाब आहे.

मग माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबची कळ दाबत पानभर फिरा. प्रत्येक दुव्यावर, बटणावर पोचता आलं पाहिजे आणि आपण कुठे आहोत ते चौकटीने दिसलं पाहिजे. 'ईमेलने सदस्य व्हा' म्हणणारी खिडकी मध्येच उघडत असेल तर ती एस्केपने बंद होते का ते बघा. होत नसेल तर कीबोर्डवाला वाचक तिथेच अडकतो. माझ्या मते ती खिडकी काढूनच टाकावी. सदस्य होण्याची चौकट लेखाखाली शांतपणे असू द्यावी.

## आवाज आणि चित्रफिती

पॉडकास्टसोबत पूर्ण लिखित रूप द्या, व्हिडिओला मराठी उपशीर्षकं द्या. आपोआप तयार झालेली उपशीर्षकं जशीच्या तशी सोडू नका. गावांची, माणसांची, पदार्थांची नावं त्यात हमखास बिघडतात. आपल्याकडच्या पुष्कळ कर्णबधिर वाचकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, लिखित मराठी ते नंतर शिकतात. त्यांच्यासाठी महत्त्वाचं असेल ते छोट्या, सरळ वाक्यांत यावं. शैली सपाट करायची गरज नाही. ललित लेख लालित्यानेच लिहा. पण औषधाचं वेळापत्रक, प्रवासाची माहिती, अर्ज कसा भरायचा, असं काही लिहीत असाल तर आलंकारिक भाषा बाजूला ठेवा.

## जुने लेख आणि खरे वाचक

दोनशे जुने लेख एका बैठकीत दुरुस्त होत नाहीत, तो विचारही करू नका. भाषेची खूण, रंग, फाँट, ओळींचं अंतर या गोष्टी एकदा बदलल्या की सगळ्या लेखांना लागू होतात, त्या आधी उरका. मग आकडेवारीत सगळ्यात जास्त वाचले जाणारे लेख काढा आणि त्यांची चित्रं, मथळे, दुवे बघा. पुढे जो लेख काही कारणाने उघडाल, तो त्याच वेळी नीट करून टाका.

वेव्ह आणि क्रोममधलं लाइटहाउस ही तपासणीची साधनं फुकट आहेत. ऑल्टच नसलेली चित्रं आणि फिकट रंग ती झटकन पकडतात. तुमचं वर्णन अर्थपूर्ण आहे का, विसर्ग खरा आहे का, हे त्यांना कळत नाही. त्यासाठी माणूस लागतो. ओळखीत कोणी स्क्रीन रीडर वापरणारं असेल तर विनंती करा. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र आणि नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्था अंध व्यक्तींसाठी काम करतात. त्यांच्या कार्यक्रमांतून अशी माणसं भेटतात. त्यांचा वेळ घेणार असाल तर मोबदला विचारा, फुकटात गृहीत धरू नका.

विचारताना 'ब्लॉग कसा वाटला' असं मोघम विचारलं तर 'छान आहे' असंच उत्तर येतं. त्यापेक्षा कामं द्या. घावनांचा लेख शोधा, त्यातलं तांदळाच्या पिठाचं प्रमाण सांगा, खाली एक प्रतिक्रिया लिहून पाठवा. ते करत असताना शेजारी गप्प बसा, मध्ये मदत करू नका, आणि ते कुठे थांबले, कुठे मागे फिरले, कुठे दोनदा ऐकावं लागलं ते टिपत जा. ब्लॉगच्या ओळखीच्या पानावरही दोन ओळी टाका: 'वाचताना किंवा ऐकताना काही अडलं तर इथे कळवा', सोबत ईमेल पत्ता. तो पत्ता चित्रात नको, टाइप करून.